सहीचा धनी

१२ जानेवारी

छोट्या,

बाबांना जाऊन परवा दोन महिने झाले. आई आता दोन वेळा नीट जेवते. ताटं मात्र अजून तीन मांडते आणि मग गुपचूप एक उचलून ठेवते. मी बघितलंच नाही असं दाखवते.

पत्राला कारण असं, की मला पालक लागतो. हसू नकोस. काल नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, तुमचे पालक वारले. नव्या पालकाची नोंद आणि फॉर्म चारवर त्याची सही झाल्याशिवाय कामावर जाता येणार नाही." चौतिसाव्या वर्षी! भाजीतला पालक असता तर निवडून तरी घेतला असता. पण हे मनात. तोंडाने "बरं साहेब" म्हणाले. त्याने वहीवर बोट फिरवलं. नवरा नाही, वडील नाहीत, सख्खा भाऊ एक, परदेशात. "चालेल," म्हणाला. म्हणजे मी शाळेत असताना ज्याचं नाक पुसत फिरले, तो आता माझा धनी!

फॉर्म सोबत आहे. त्यावर तिथल्या आपल्या वकिलातीचा शिक्का घे आणि लवकर पाठव, डॉक्टरांचं माझ्यावाचून अडलंय. कागदोपत्री मी फक्त कवळ्या बनवते. मागच्या खोलीत बसायचं, मापात प्लास्टर ओतायचं, मेणात दात लावायचे. पण बाई पेशंट आली की डॉक्टरांनी तिच्या तोंडात बघणं नियमाबाहेर. मग ते पडद्याच्या पलीकडे उभे राहतात आणि मी अलीकडे. "कुठली दाढ?" "खालची, उजवी, शेवटची." "हलतेय?" "हलतेय." "मग ओढा." अकरा वर्षं असं चाललंय. दात मी काढते, वहीत नाव डॉक्टरांचं.

आणि एक. मे महिन्यात राजधानीत बायकांसाठी दंतपरवान्याची परीक्षा आहे. पास झाले तर बायकांचे दात स्वतःच्या नावावर, हव्या त्या घरी जाऊन काढता येतील. बाबांना बोलले होते. ते म्हणाले, "बस की. फार तर नापास होशील." त्या प्रवासाला वेगळा फॉर्म लागतो, सात नंबरचा. तो पुढच्या पत्रात. एका वेळी एकच ओझं.

ताई

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं त्याच दिवशी अर्धी रजा टाकून वकिलातीत गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "या स्त्रीचं तुमच्याशी नातं?" म्हटलं, "तिने मला वाढवलं." तो म्हणाला, "रकान्यात बहीण लिहा."

फॉर्म सोबत आहे. सही बघ, किती झोकात केली आहे. मी तुझा पालक! उद्या कुणी म्हणेल मांजर वाघाची मावशी नसून आजी आहे. इथे मित्रांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. आमच्या गोदामात थंडाव्याची यंत्रं सांभाळणाऱ्या टोळीची मुख्य एक बाई आहे. तिच्या हाताखाली मी काम करतो. तिला हे सांगताना मला आपल्या लोकांची लाज वाटली.

परीक्षेला बसच. फॉर्म सात पाठव, डोळे मिटून सही करतो. असला बावळट कायदा आहे तोवर निदान पालक माझ्यासारखा मिळाला हे नशीब समज. (चेष्टा!)

काकांची पत्रं अधूनमधून येतात. त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ काढलंय. सविस्तर नंतर. आईला सांग, मी लोकरीचे मोजे घालतो.

तुझा,
पालकसाहेब छोट्या

१ मार्च

छोट्या,

फॉर्म चार चालला. कारकुनाने तुझी सही उजेडात धरून बघितली, जसं काही मीच रात्रभर बसून गिरवली असावी.

आता एक गोष्ट सांगते, ती काकांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. आमच्या दवाखान्यात झाडलोट करणारी बाई आहे, तिला सगळे मावशी म्हणतात. कालव्यापलीकडची. तुला आठवतं ना, त्या लोकांचा पेला आपल्याकडे वेगळा असायचा, खिडकीच्या वर उपडा ठेवलेला? दवाखान्यातही तेच. त्यांनी सोमवारी, मागच्या दाराने यायचं, आणि बाई असेल तर तिच्या पुरुषासकट. मावशीची सून गेल्या महिन्यात दाढेने हैराण झाली. नवरा लांब, धरणाच्या कामावर, चार महिने येणार नाही. मावशी झाडू टेकवून माझ्यापाशी आली. "ताई, पोर भिंतीला डोकं आपटतेय."

मी गेले. कालव्याच्या पुलावरून आयुष्यात पहिल्यांदा. एक खोली, चूल बाहेर, सून गालाला फडकं बांधून बसलेली. वय तुझ्याहून कमी. तोंड उघडवलं, खालच्या शेवटच्या दाढेखाली पू झालेला. डॉक्टरांना सांगून औषध नेलं, आठ दिवसांत सूज उतरली. पण डॉक्टर म्हणाले, दाढ काढल्याशिवाय हे जाणार नाही, परत उलटेल. मी सुनेला म्हटलं, "जरा कळ काढ. मेमध्ये परवाना आला की पहिली दाढ तुझीच." ती हसली. म्हणाली, "मग बोहनी माझ्या हातची."

काकांना पुलावरचं कुणीतरी सांगितलं. ते घरी आले, खुर्ची ओढून आईसमोर बसले आणि माझ्याबद्दल आईला विचारलं, मी समोर उभी असताना. "हिला तिकडे कोणी पाठवलं?" आई म्हणाली, "हिला कोण पाठवणार? हीच जाते." बाबा गेल्यापासून आईचं पहिलं धड वाक्य.

फॉर्म सात सोबत आहे. दहा मेच्या आत कचेरीत द्यायचा आहे. सही करून माझ्याच नावाने पाठव.

ताई

३० मार्च

ताई,

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. दोन यंत्रं एकदम बसली आणि सगळी धावपळ.

आधी गोड बातमी. स्थळ पक्कं झालं. मुलीचा फोटो पाहिला, एकदा फोनवर बोललो. चांगली वाटते, हसते छान. वडील धर्मपरिषदेवर आहेत, हे पालकाचे नियम ठरवणाऱ्या. तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, पण माणूस वाईट नाही. शिकलेला आहे.

आता जरा नाजूक. काकांचं पत्र आलं होतं, चार पानी. मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे हे तुला सांगायला नको. पण तूही थोडं सबुरीने घे. कालव्यापलीकडे जाणं काही दिवस थांबवलंस तर काय बिघडेल? त्या लोकांचं मन दुखवावं असं मी म्हणत नाही. एवढंच, की लग्न ठरतंय, चार लोक चौकशी करतायत, आणि तुझ्या नावाला उगाच धक्का लागू नये.

फॉर्म सात सही करून काकांच्या पत्त्यावर पाठवला. वकिलातीतला म्हणाला, देशातल्या पुरुषाने हातोहात दिला तर काम लवकर होतं. तुझेच हेलपाटे वाचले. आहे ना हुशार तुझा भाऊ?

छोट्या

१४ एप्रिल

छोट्या,

फॉर्म काकांच्या कपाटात आहे. मी मागायला गेले. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा गेले, म्हणाले, "राजधानीत उतरणार कुठे?" बायकांचं वसतिगृह सांगितलं, पत्ता दाखवला. म्हणाले, "बायकांचं म्हणजे पुरुष नाही. मग जबाबदार कोण?" तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकूने दारातूनच मान हलवली.

तू नवा फॉर्म पाठव. थेट मला. घरी नको, दवाखान्याच्या पत्त्यावर. कोरा फॉर्म सोबत घातलाय, भरलाय सगळा, फक्त सही आणि शिक्का. टपालाला नऊ-दहा दिवस लागतात. आज चौदा तारीख. तुझं पत्र तीस एप्रिलच्या आत टपालात पडलं नाही तर संपलं. म्हणून हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी जा. लग्न, काका, लोक, सगळ्यावर नंतर भांडू. मी तुझं सगळं ऐकून घेईन.

सुनेचा गाल परत जड झालाय. मावशीने दवाखान्यात सांगितलं. मी औषध दिलं, पण पुलावर गेले नाही. तू सांगितलंस म्हणून गेले नाही, हे लिहून ठेवते.

ताई

६ मे

ताई,

तू रागावणार आहेस, तरी पूर्ण वाच.

तुझं पत्र चोवीसला मिळालं. सव्वीसला वकिलातीत जायचं ठरवलं होतं. पंचवीसला मुलीच्या वडिलांचा फोन आला. एक तासभर बोलले, एकदाही आवाज चढवला नाही. त्यांचं म्हणणं, घरातल्या बायकांचा पालक घरात राहणारा पुरुष हवा. परक्या देशातून सह्या पाठवणं म्हणजे बाईला वाऱ्यावर सोडणं. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या काळजीपोटी सांगतोय. उद्या तिला काही झालं तर तुम्ही इथून काय करणार?" बाबा गेले तेव्हाही मी तिसऱ्या दिवशी पोचलो होतो.

तर मी काकांच्या नावाने मुखत्यारपत्र करून दिलंय. तुझं आणि आईचं पालकपण त्यांच्याकडे. कागदावरची गोष्ट आहे, ताई. काका तोंडाने कडक आहेत, पण तुला त्यांनी खांद्यावर खेळवलंय. लग्न झालं की वर्षभरात मी परत माझ्याकडे घेतो. परीक्षा काय, पुढच्या वर्षी आहेच. मी कुठे तुला अडवतोय?

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

छोट्या

२ जून

चिरंजीव बंधूस,

आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुझे पत्र पोचले. तू केलेली व्यवस्था योग्यच आहे. काकांच्या छत्राखाली आम्हा दोघींना कशाचीही उणीव नाही. जुने घर बंद करून आम्ही काकांकडे राहावयास आलो. खोली प्रशस्त आहे. नोकरीची दगदग आता झेपत नसल्याने मी ती सोडली. परीक्षेचा विचारही सोडला. घरकामात मन रमते.

तुझ्या विवाहाची तयारी उत्तम चालू आहे. वधूपक्षाची मंडळी अत्यंत सुसंस्कृत आहेत.

काकांचा तुला आशीर्वाद.

तुझी बहीण

१८ जून

ताई,

तुझं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. भाषा जरा पुस्तकी वाटली, पण म्हटलं, रुसली असशील, आणि रुसून का होईना, समजून घेतलंस. अकरा वर्षं प्लास्टरच्या धुळीत बसलीस, आता जरा आराम कर. आईलाही तू दिवसभर जवळ असल्याने बरं वाटत असेल.

मुलीचे वडील म्हणाले, "तुमच्या बहिणीचं वळण चांगलं आहे." मला अभिमान वाटला.

लग्न एकोणीस सप्टेंबरला. मी आठ दिवस आधी येतोय. तुला काय आणू?

छोट्या

७ जुलै

छोट्या,

हे पत्र मावशीच्या पदराखालून बाहेर जातंय; ती इथलं मागचं अंगणही झाडायला येते. दोन जूनचं पत्र मी लिहिलं, पण अक्षर फक्त माझं. काका शेजारी बसून सांगत होते. एका ठिकाणी मी थांबले तर म्हणाले, "झेपत नसल्याने. लिही." मला वाटलं होतं, तुला कळेल. मी तुला कधी "चिरंजीव बंधूस" म्हटलंय?

प्रशस्त खोली ऐक. मागच्या बाजूला, आधी धान्याची होती. खिडकी आहे, पुढे हातभरावर शेजारच्यांची भिंत. पालकाच्या पत्त्यावर राहावं लागतं म्हणून आपलं घर बंद केलं. बाहेर जायचं तर काका किंवा काकू बरोबर. काकूचे गुडघे दुखतात, म्हणून बाहेर जायचंच नाही. आई दिवसभर विचारते, "आपण घरी कधी जायचं?"

परीक्षा झाली. कचेरीच्या दारावर छापील सूचना लागली आहे. पुढच्या वर्षापासून ती बायकांसाठी बंद. म्हणजे तुझं "पुढच्या वर्षी" कुठेच नाही.

आता खरं सांगते. मावशीची सून गेली. बावीस मेला. सूज गालातून गळ्यात उतरली. मावशी भर दुपारी काकांच्या दारात आली. मी आतून ऐकत होते. म्हणाली, "ताईंना पाच मिनिटं पाठवा, पोरीला श्वास घेता येत नाही." काका म्हणाले, "तुमच्या लोकांचा दवाखाना आहे ना तिकडे?" मोठ्या इस्पितळात नेलं, तर तिथे पुरुषाची सही मागितली. नवरा धरणावर. सासूची सही चालत नाही. नवऱ्याचा चुलता शोधून आणेपर्यंत संध्याकाळ झाली.

तुला दोष देते असं वाटेल. देतेच. पण सगळा नाही. फेब्रुवारीत मी तिच्या खोलीत बसले होते. सूज उतरल्यावर परत गेले होते, माझ्या पिशवीत चिमटा होता. दहा मिनिटांचं काम. अशा शेकडो दाढा मी काढल्या आहेत. पण परवान्याशिवाय दवाखान्याबाहेर काढली तर गुन्हा, आणि गुन्हा झाला तर परीक्षेला बसू देणार नाहीत. म्हणून तिला म्हटलं, कळ काढ. मला सगळं रीतसर करायचं होतं रे. माझ्या नावावर.

मावशीने हे पत्र न्यायचं कबूल केलं तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती म्हणाली, "द्या लवकर, कोणी येईल."

काही आणू नकोस.

ताई

२१ ऑक्टोबर

ताई,

तिथे असताना तुझ्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितो. हे पत्र माझ्या बायकोच्या पाकिटात घालतोय, ती काकांकडेच आहे म्हणून. नवराबायकोची पत्रं काका उघडत नाहीत, एवढी लाज त्यांना आहे.

तुझं जुलैचं पत्र कोटाच्या आतल्या खिशात घेऊन आलो होतो. ठरवलं होतं, उतरल्या उतरल्या काकांना दाखवायचं आणि कागद परत मागायचा. पहिल्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी सासरे आले. तिसऱ्या दिवशी स्वतःला म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग बोलू. तू वाढताना माझ्याकडे बघत होतीस आणि मी आमटीकडे.

लग्नानंतर दोन दिवसांनी बोललो. काका शांतपणे म्हणाले, "तू दिलंस ते मी घेतलं. आता परत का?" मी कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "आत्ताच्या पालकाच्या संमतीशिवाय पालक बदलत नाही." म्हटलं, "पण मी सख्खा भाऊ." तो म्हणाला, "म्हणून तर तुमच्या सहीने गेलं." मागे रांगेत पाच-सहा बायका होत्या, आपापल्या पुरुषांमागे. मला पहिल्यांदा कळलं की त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर जीभ कशी जड होते. पण मी तिथून बाहेर पडलो, विमानात बसलो आणि इथे आलो. तू धान्याच्या खोलीत गेलीस.

मी विचारायला नको, तरी विचारतो. माफ करशील?

छोट्या

१५ नोव्हेंबर

छोट्या,

माफीचं मला कळत नाही. सकाळी उठते तेव्हा तुझा राग येतो, दुपारी तू जेवला असशील का असं मनात येतं. दोन्ही खरं आहे. याच्यापुढे विचारू नकोस.

इकडची खबर. ऑगस्टमध्ये काकांची कवळी तुटली. नवी दुसऱ्याने केली, ती बसेना. बोलताना टकटक वाजायची आणि प्रार्थनेत लोक मागे वळून बघायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "हे तुमच्या पुतणीचंच काम." काकांनी आठवडाभर कण्या खाल्ल्या आणि मग परवानगी दिली. आता प्लास्टर, मेण सगळं इथेच येतं, मावशी आणून देते. धान्याच्या खोलीत मी कवळ्या करते. दात काढायचे नाहीत, बाईला हात लावायचा नाही, उंबरठा ओलांडायचा नाही. काकांना वाटतं, त्यांनी माझ्यावर उपकार केले. कधीकधी मलाही तसं वाटतं.

तुझी बायको पहिले पंधरा दिवस दारातूनच बघायची. बापाच्या घरची शिस्त. मावशी आली की सरकून उभी राहायची. मग एक दिवस आत आली, स्टूल ओढलं, म्हणाली, "ताई, हे मेण एवढं गरम कसं चालतं तुमच्या बोटांना?" आता रोज येते. परवा मावशीने पाणी मागितलं तर हिने घरातलाच पेला भरून दिला. काकूने पाहिलं. लगेच तो पेला फेकून दिला. दुसऱ्या दिवशी हिने परत घरातलाच दिला. काकूचे पेले किती दिवस पुरतील बघू.

तिला परिचारिकेच्या शाळेत जायचंय. बापाने लग्नाआधी "नवऱ्याला विचार" म्हणून टाळलं होतं. प्रवेश जानेवारीत. गावातच आहे, चालत वीस मिनिटं. फॉर्म पाचवर नवऱ्याची सही लागते. नवरा परदेशात असला तरी चालतो. मला म्हणाली, "तुम्ही लिहा ना, ते तुमचं ऐकतात." मला हसू आलं. म्हटलं, "तूच लिही."

आणखी एक तुला माहीत असावं. काकांनी तुझ्या सासऱ्यांशी बोलून मुखत्यारपत्राचा दुसरा कागद तयार करवलाय. तुझ्या बायकोच्या नावाचा. तिला ते माहीत नाही. काकूच्या बोलण्यातून मला कळलं. पुढच्या आठवड्यात तो टपालाने निघेल. त्यात लिहिलेलं असेल की हे तिच्या काळजीपोटी आहे, की तू इथून काय करणार, की वर्षभराचाच प्रश्न आहे.

म्हणजे दोन पाकिटं येतील. एक जाड, टाइप केलेलं. दुसरं तिच्या हातचं, जरा वाकड्या ओळींचं. ती शब्द खोडून परत लिहितेय, मी इथून बघतेय.

या वेळी मी दिवस मोजणार नाही. ती मोजेल.

ताई